आसगावची कब्बाला शिकवणी : बारा रविवार, ३,६०० रुपये आणि एक पावती

आधी व्यवहाराचं सांगते, कारण वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांना तेवढंच हवं असतं. दर रविवारी दुपारी चार ते साडेसहा, असे बारा रविवार. जागा गोव्यात, म्हापशाजवळच्या आसगावात, चढणीवरच्या एका जुन्या घराच्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात. लाल जमीन, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, छपराला दोन ठिकाणी गळती आणि दोन्ही गळतींखाली पितळेच्या घागरी. त्या शोभेच्या होत्या की गरजेच्या, ते शेवटपर्यंत कळलं नाही. फी ३,६०० रुपये, छापील टिपणांचे ४५० वेगळे. चहा फुकट, पण आपणच करायचा; त्याबद्दल पुढं येईलच. घरापुढं गाडी लावायला जागा नाही. कपेलाकडं, म्हणजे छोट्या चर्चकडं, लावावी आणि पावसात तिथून छत्री घेऊन चालत यावं. मी पहिल्या दिवशी स्कूटर थेट दारात नेली, तेव्हा शेजारच्या घरातल्या माणसानं जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माझं म्हापशात औषधांचं दुकान आहे. तेवीस वर्षं काउंटरमागं उभी आहे. आसगावात राहायला आलेली दिल्लीकडची एक गिऱ्हाईक बाई मे महिन्यात दुकानात एक पत्रक ठेवून गेली. मी आधी ‘कब्बाला’ हे नवीन प्रोटीन पावडरीचं नाव समजले; निघाली यहुद्यांची गूढविद्या. खाली लिहिलं होतं, अहंकाराकडून परोपकाराकडे. घरी दाखवलं तर आमचे हे म्हणाले, ‘अहंकार घालवायला छत्तीसशे? मी फुकट घालवतो, सांगून तर बघ.’

खरं कारण सांगायचं तर सासूबाई गेल्यापासून गावच्या घरातल्या सामाईक विहिरीच्या पंपावरून माझं आणि जावेचं बोलणं बंद आहे. विजेचं बिल कुणी भरायचं, एवढीच गोष्ट. मी देणारी आणि ती घेणारी हे मला पक्कं ठाऊक होतं. कुणीतरी जाणत्या माणसानं ते कागदावर लिहून दिलं तर बरं, अशाच काहीशा आशेनं मी पैसे भरले असणार.

ज्यांना हणजुणेच्या बुधवारच्या बाजारातला कब्बालेच्या नावाचा लाल दोरा आठवतो त्यांच्यासाठी: इथं दोरा नाही, मंतरलेलं पाणी नाही, नावाच्या अक्षरांची बेरीज करून भविष्य सांगणं नाही. हरमलला हिब्रू पाट्या, सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून आलेली इस्रायली पोरं, त्यांच्या हातातले असले दोरे हे सगळं आपण वर्षानुवर्षं बघतोय, त्यामुळं कब्बाला म्हणजे तेच, अशी माझीही समजूत होती. जून ते ऑगस्ट या दिवसांत ती पोरं नसतातच. आमच्या वर्गात सगळे इथलेच किंवा इथं येऊन राहिलेले: दिल्लीकडची दोघं, एक बंगळुरूचा संगणकवाला, कळंगुटच्या हॉटेलात हिशेब लिहिणारी मुलगी, डिचोलीचा एक इलेक्ट्रिशियन, दोन निवृत्त बँकवाले, आणि ठाण्याहून लेकाकडं पर्वरीला राहायला आलेल्या एक बेने इस्रायली काकी. या काकी नसत्या तर मी तिसऱ्या रविवारी सोडून दिलं असतं.

बेने इस्रायली म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. रायगडात त्यांना शनवार तेली म्हणत, कारण ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. काकींचं मराठी माझ्यापेक्षा ठसठशीत. पहिल्या दिवशी ओळखी झाल्यावर शिकवणाऱ्या गृहस्थांनी त्यांच्याकडं मोठ्या आदरानं बघून विचारलं, तुमच्या घरी कब्बालेची परंपरा असेल ना? काकी म्हणाल्या, ‘आमच्या घरी मलिद्याची परंपरा. पोहे, गूळ, खोबरं, फळं, आणि एलियाहू हन्नबीचं, आमच्या प्रेषिताचं, नाव. हे तुमचं गणित आमच्यात कुणी शिकलं नाय.’ आणि मग मला हळूच, ‘लेक म्हणाला जा गं आई, तेवढंच माणसांत बसशील. म्हणून आले.’

शिकवतात ते येहुदा अश्लाग यांच्या वाटेनं. पोलंडमध्ये १८८५ साली जन्मलेले हे रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला जेरुसलेमला आले आणि १९५४ साली वारले. ‘झोहार’ या कब्बालेच्या मुख्य ग्रंथावर त्यांनी ‘सुलाम’ नावाचं भाष्य लिहिलं. सुलाम म्हणजे शिडी, म्हणून त्यांना बाल हा-सुलाम, शिडीवाले, म्हणतात. हे ऐकल्यावर आमचा इलेक्ट्रिशियन एकदम जागा झाला. तोपर्यंत तो पंख्याकडं बघत होता. पंखा डुगडुगत होता हे खरं. त्याची बोलायची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, ‘शिडी कसलीही असूं दी, खाली धरपाक माणूस हवाच.’ गृहस्थांनी ते वहीत उतरवून घेतलं. त्यांच्या बारा आठवड्यांतलं मला सगळ्यात आवडलेलं काम ते.

इतिहास शिकवण्याच्या बाबतीत मात्र मी दोन गुण कापणार. झोहार दुसऱ्या शतकातल्या रब्बी शिमोन बार योखाय यांनी सांगितला, हे त्यांनी ठाम सत्य म्हणून सांगितलं. परंपरा तसं मानते, मान्य. पण हा ग्रंथ लोकांसमोर आला तो तेराव्या शतकाच्या शेवटी, स्पेनमध्ये, मोझेस द लेऑन यांच्या हातून. आणि गेर्शोम शोलेम यांच्यासारख्या अभ्यासकानं भाषेच्या पुराव्यावरून तो मुख्यतः द लेऑन यांनीच लिहिला असं मांडलं. घरी थोडं वाचल्यावर हे सहज सापडतं. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘ते बाहेरून बघणाऱ्यांचं मत आहे.’ अहो, मी औषधवाली. गोळीवर बनवणाऱ्याचं नाव आणि तारीख बघितल्याशिवाय मी ती विकत नाही. दोन्ही मतं सांगितली असती तर गोळीचा गुण काही कमी झाला नसता.

उलट दुसरी एक गोष्ट त्यांनी छान सांगितली. कब्बाला चाळिशीआधी शिकू नये, असं जे म्हणतात त्याची. सतराव्या शतकात शब्बताय त्झेवी नावाच्या माणसानं स्वतःला मसीहा, म्हणजे यहुदी ज्याची वाट बघतात तो तारणहार, म्हणवून घेतलं, १६६६ साली तुर्की सुलतानासमोर उभं केल्यावर तो मुसलमान झाला, आणि त्याच्यामागं गेलेल्या हजारो माणसांचं काय व्हायचं ते झालं. पुढं पोलंडमध्ये याकोब फ्रँकचा पंथ निघाला. त्या धसक्यानं १७५६ साली ब्रोडी इथं रब्बींनी फर्मान काढलं: तिशीच्या आत झोहार नको, चाळिशीच्या आत लुरियाची शिकवण नको. मी अठ्ठेचाळीस. कळंगुटची मुलगी चोवीसची. ती म्हणाली, म्हणजे मी चहाच करू का? आणि खरंच त्या दिवशी चहा तिनंच केला.

लुरिया म्हणजे आयझॅक लुरिया. १५३४ साली जेरुसलेमला जन्म, १५७२ साली साफेदला मृत्यू. जेमतेम अडतीस वर्षांचं आयुष्य. स्वतः जवळजवळ काही लिहिलं नाही, शिष्य खायिम व्हिताल यांनी लिहून ठेवलं. त्यांचं सांगणं असं: आधी सगळीकडं देवाचाच प्रकाश होता, जगाला जागाच नव्हती. मग देवानं स्वतःला आखडून घेतलं. याला त्सिमत्सुम म्हणतात. त्या मोकळ्या जागेत भांडी झाली, त्यांत प्रकाश ओतला, तो भांड्यांना पेलवला नाही, भांडी फुटली. ठिणग्या सगळीकडं उडाल्या, त्या गोळा करत राहणं हे माणसाचं काम. बँकवाल्यांना हे फार काव्यमय वाटलं. मला आमच्या रॅकवरून पडलेली खोकल्याच्या औषधाची बाटली आठवली. काचा अर्ध्या तासात निघतात. पण सहा महिन्यांनी कपाट सरकवलं तरी कुठंतरी एक चिकट ठिपका असतोच आणि त्याला मुंग्या लागलेल्या असतात. हे मी माझी बोलायची पाळी आल्यावर सांगितलं. कुणी हसलं नाही. हसायचं नाही असा नियमच होता.

तर आता या नियमांबद्दल, कारण पैसे वसूल होतात ते इथंच.

व्याख्यान पाऊण तासाचं. नंतर खुर्च्या गोल मांडायच्या. गोलात दहाजण असावेत असा प्रयत्न असतो. यहुदी सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ लागतात, त्याला मिन्यान म्हणतात, आणि कब्बालेत दैवी गुणांच्या पायऱ्याही दहाच, त्या सेफिरोत. आम्ही नऊ होतो. गृहस्थ धरून दहा. एक प्रश्न दिला जातो. प्रत्येकानं मिनिटभर बोलायचं, डावीकडून उजवीकडं. दुसऱ्याचं खोडायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. मान डोलवून ‘बरोबर’ असंही म्हणायचं नाही. आपली पाळी आली की आधीच्यानं ठेवलंय त्यावर आपलं ठेवायचं. कुणी हुशार आहे, कुणी नाही, हे त्या वेळेपुरतं दाराबाहेर चपलांबरोबर.

वाचताना सोपं वाटतं. करून बघा. तेवीस वर्षं मी काउंटरवर माणसाचं अर्धं वाक्य ऐकून उत्तर दिलंय. ‘रात्रीपासून पोटात’ एवढं म्हटलं की माझा हात फळीवर गेलेला असतो. दुसऱ्या रविवारी एक बँकवाले आपल्या झोपेच्या तक्रारीबद्दल बोलत होते आणि माझ्या तोंडात सल्ला तयार होता: संध्याकाळनंतरचा चहा बंद करा. तो मिनिटभर तोंडात धरून ठेवणं म्हणजे गरम बटाटा धरण्यासारखं. तो मिनिट संपला तेव्हा मला कळलं की झोपेचं ते सहज म्हणून गेले होते. ते सांगत होते बायकोच्या रिकाम्या खाटेबद्दल. मी बोलले असते तर ते तिथंच थांबले असते.

वास्कोच्या दामोदराचा भजनी सप्ताह ज्यांनी बघितलाय त्यांना हा प्रकार अगदी परका वाटणार नाही. एक पथक उठलं की दुसरं बसतं, भजन तुटत नाही, आणि टाळ धरणारा स्वतःचा आवाज वर काढायला लागला की शेजारचा नुसतं बघतो. गोलातलं बघणं तसंच होतं.

या सगळ्यामागचा विचार थोडक्यात असा. अश्लाग म्हणतात, माणूस म्हणजे घेण्याची इच्छा. ती काढून टाकता येत नाही, काढायचीही नाही. बदलायचं ते एवढंच, की आपण कुणासाठी घेतो. त्यासाठी त्यांचा पाहुण्याचा आणि यजमानाचा दाखला आहे. पाहुणा भुकेला आहे, समोर ताट आहे, पण फुकट खायची लाज वाटते, म्हणून तो नको नको म्हणतो. ही लाज म्हणजे ‘लाजेची भाकर’; अरामी या जुन्या भाषेत त्याला शब्दच आहे, नहामा दकिसूफा. यजमान आग्रह करत राहतो: तुझ्यासाठीच केलंय, तू खाल्लंस तरच माझा जीव निवेल. शेवटी पाहुणा खातो, आणि आता तो यजमानाला सुख द्यायला खातोय. ताट तेच, भूक तीच, घास तेच. पण घेणारा देणारा होऊन बसला. ‘नको’ म्हणून धरलेला तो आडपडदा, त्याला मसाख म्हणतात.

गृहस्थांनी हे फळ्यावर बाण काढून समजावलं. बाण काढायची अजिबात गरज नव्हती. गणपतीच्या चवथीला आपल्याकडं जेवायला आलेला कुठला पाहुणा पहिल्या फटक्यात खतखतं वाढून घेतो? काकी म्हणाल्या, ‘हे तर आमच्या आईला ठाऊक होतं. ती पाहुण्याच्या ताटात वाढून झालं की आपल्या ताटातलं पहिलं थोडं बाजूला काढायची आणि म्हणायची, आता तू नाय खाल्लंस तर मी पण नाय.’ त्यांच्या आईला त्यासाठी पोलंडला जावं लागलं नव्हतं.

शब्दाचं गुपितही काकींनीच फोडलं. कब्बाला म्हणजे घेणं, स्वीकारणं, हे टिपणांत पहिल्याच पानावर आहे. काकींची धाकटी लेक इस्रायलमध्ये अश्दोदला असते, तिच्याकडं त्या दोनदा राहून आल्यात. ‘तिथं पैसे भरले की काउंटरवरचा माणूस विचारतो, कब्बाला हवी का? पावती गो, पावती!’ मी घरी येऊन बराच वेळ यावर विचार करत बसले. आपल्या मराठीतही पावती पावण्यातनंच आली. देव पावतो, पैसे पावले, आणि पावले म्हणून लिहून दिलं ती पावती. दोन भाषा एकमेकींना विचारायला गेल्या नव्हत्या. आणि ‘कबूल’ हा आपला रोजचा शब्द अरबीतून आला खरा, पण त्याचं आणि हिब्रू कब्बालेचं मूळ एकच. जावेला मी आजवर एकही गोष्ट कबूल केलेली नाही, हेही त्याच रात्री आठवलं, मग झोपले.

सहाव्या रविवारी गृहपाठ मिळाला. गोलातल्या एकाची चिठ्ठी उचलायची आणि आठवडाभर त्याच्यासाठी काहीतरी करायचं, त्याला न कळू देता. घरच्यांवर प्रयोग करू नका, असं बजावलं होतं. अश्लाग यांचे पुत्र बारुख अश्लाग यांनी १९८४पासून अशा छोट्या गटांसाठी लेख लिहिले. त्यांचाही भर यावरच, की आधी एका विचाराच्या चारजणांत सराव करा, जगाचं नंतर बघू. मला तेव्हा हायसं वाटलं. जाऊ वाचली, मीही वाचले.

चिठ्ठी निघाली इलेक्ट्रिशियनची. त्याची आई गेली दोन वर्षं रक्तदाबाची आणि साखरेची औषधं घेते. डिचोलीत दुकानं आहेत, पण म्हापशाच्या बाजारात कामाला येतो म्हणून तो माझ्याकडंच घेतो, हे मला गोलात बसल्यावर कळलं. तोवर माझ्यासाठी तो ‘महिन्याच्या पाच तारखेचा’ होता. मी ठरवलं, यंदा त्याला खरेदीच्या भावात द्यायचं आणि काही बोलायचं नाही. आला, पिशवी घेतली, पैसे दिले, गेला. मी स्वतःवर बेहद्द खूश. संध्याकाळी त्याचा फोन. ‘ताई, बिलावर १८४ रुपये कमी घेतलेले दिसतात. चुकलां काय?’

आमचं बिलाचं सॉफ्टवेअर. प्रत्येक बिलाच्या तळाला ठळक अक्षरांत छापतं: ‘आपली बचत’ आणि पुढं आकडा. त्याला मी काय करणार? पण इथवर असतं तर मशीनचा दोष म्हणून सुटले असते. फोनवर मी म्हणाले, ‘नाही रे, तुझ्यासाठी म्हणून कमी लावले.’ म्हणायची काही गरज नव्हती. ‘हो, चुकलं असेल’ म्हणता आलं असतं. पलीकडं तो गप्प झाला, मग म्हणाला, ‘बरें जालें.’ आणि पुढच्या रविवारी येताना माझ्यासाठी घरचे नारळ घेऊन आला, पाच. १८४ रुपयांचे असतील की जास्तीचे, हा हिशेब मी रस्त्यात स्कूटरवरच केला होता.

गोलात मी हे सांगितलं. मिनिट पुरला नाही. मी दुकानात, घरात, जावेकडं, सगळीकडं अशी तळाला ‘आपली बचत’ छापून देते, हे बोलता बोलता माझ्याच कानावर पडलं. पंपाचं बिल मी सात वर्षं भरलं. पण ते भरल्याचं सांगितलं नाही असा एक सण नाही. कुणी काही बोललं नाही, नियमच तो. इलेक्ट्रिशियन आपल्या चपलांकडं बघत होता. पाळी काकींची होती. त्या म्हणाल्या, ‘आमच्यात म्हणतात, आधी लो लिश्मा, मग लिश्मा.’ म्हणजे सुरुवातीला माणूस स्वतःच्या लाभासाठीच करतो, पण करत राहिला तर कधीतरी त्या कामासाठी म्हणून करायला लागतो. हे तल्मूद या यहुदी धर्मग्रंथातलं जुनं वचन आहे. टिपणांत ते चौथ्या पानावर होतं, मी अधोरेखितही केलं होतं. काकींनी ते सांगेपर्यंत ते नुसतं अधोरेखित होतं.

आता तक्रार. नवव्या रविवारी मआसेरवर बोलणं झालं. मआसेर म्हणजे दशांश, मिळकतीचा दहावा भाग देण्याची यहुदी प्रथा. प्रथा चांगली आहे, आपल्याकडंही देवळाला, धर्मादायाला देणारे लोक आहेत. पण विषय शिकवता शिकवता गाडी कधी ‘आपल्या गटाच्या कामासाठी’ या वळणावर आली ते कळलं नाही. कापडी पिशवी फिरली. चोवीस वर्षांच्या त्या मुलीनं, जिचा पगार मला साधारण ठाऊक आहे, दोन पाचशेच्या नोटा टाकल्या आणि कुणाकडं बघितलं नाही. मला ते आवडलं नाही. आधी नऊ आठवडे माणसाला सांगायचं की ‘माझं’ म्हणणं हेच दुखणं आहे, आणि मग पिशवी पुढं करायची. तेव्हा नाही म्हणणारा आपोआप दुखणेकरी ठरतो. गोलातला नियम मोडून मी मध्येच विचारलं, याची पावती मिळेल का? गृहस्थ म्हणाले, हे मनाचं देणं आहे, त्याला पावती कसली. मी म्हणाले, तुमच्या विद्येचं नावच पावती आहे.

काकी एवढ्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. पुढच्या रविवारी सगळ्यांना फीच्या छापील पावत्या मिळाल्या, पिशवीतल्या पैशांचा हिशेब दारावर लावला गेला, आणि गृहस्थांनी सर्वांसमोर म्हटलं की हे मी आधीच करायला हवं होतं. मी बघितलेल्या शिक्षकांत असं म्हणणारे फार थोडे. तरीही, जाणाऱ्यांनी नवव्या रविवारी पाकीट गाडीत ठेवून जावं. दहाव्या रविवारनंतरच्या निवासी शिबिराचे ६,५०० सांगितले. मी गेले नाही, त्यामुळं त्याबद्दल काही लिहीत नाही.

आणखी एक उणीव. गोव्यात बसून यहुदी विद्या शिकवायची आणि गार्सिया द ऑर्तांचं नाव काढायचं नाही? पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला त्यांचं नाव आहे, आपण तिथं शेंगदाणे खात बसतो. यहुदी वंशाचे, बाप्तिस्मा झालेल्या घरातले हे वैद्य १५३४ साली गोव्यात उतरले, म्हणजे लुरिया जन्मले त्याच वर्षी. इथल्या औषधी वनस्पतींवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. आम्हा औषधवाल्यांचे ते पूर्वजच. १५६० साली इथं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं होतं. ऑर्ता १५६८ साली वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याबद्दल जाळलं, आणि १५८० साली ऑर्तांच्या अस्थी उकरून जाळल्या. आसगावच्या सालात खिडक्या उघड्या टाकून आम्ही हिब्रू शब्द मोठमोठ्यानं म्हणत होतो, आणि याच बार्देशात एके काळी शनिवारी चूल पेटली नाही एवढ्यावरून शेजारी चुगली करू शकला असता. हे मी गृहस्थांना टिपणांत घालायला सांगितलंय. घालतात का बघू.

बाकी किरकोळ. टिपणांचं इंग्रजी जड आहे. मराठीत काही नाही. खुर्च्या प्लास्टिकच्या, कंबरवाल्यांनी उशी न्यावी. वीज दर रविवारी एकदा तरी जाते. चहा आळीपाळीनं सगळ्यांनी करायचा असतो, आणि कोण कप विसळतं, कोण न विसळता ठेवतं, यावर लक्ष ठेवलं तर व्याख्यानापेक्षा जास्त कळतं. मी लक्ष ठेवलं होतं. ठेवायचं नव्हतं, असं शेवटी सांगितलं.

परवानगी असती तर व्याख्यानाला तीन तारे आणि गोलाला पाच दिले असते. पुढची तुकडी चवथीनंतर. काकी परत येणार आहेत, त्यामुळं मीही. जावेचं अजून काही झालेलं नाही. पंपाचं बिल या महिन्यात मी भरलं आणि कुणाला सांगितलं नाही. आता इथं लिहिलं, हे धरायचं की नाही ते ठाऊक नाही.

बिलावरची ती ओळ काढायची म्हणून सॉफ्टवेअरवाल्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला, एका गिऱ्हाईकापुरती नाही निघणार, काढली तर सगळ्यांचीच निघेल. म्हणून गेल्या पाच तारखेला इलेक्ट्रिशियनचं बिल मी हातानं लिहिलं. औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत, रक्कम. खाली काही नाही. रात्री सगळं परत मशीनमध्ये चढवावं लागतं, दहा मिनिटं जातात.

त्यानं बिल उलटसुलट करून बघितलं. ‘ताई, मशीन बिघडलां काय?’

‘हो,’ मी म्हणाले.

‘बुधवारी येवन बघतां,’ तो पिशवी उचलत म्हणाला. ‘पयशे नकोत.’